‘मिस्टर स्पॅनिश’चे दफन आणि अमेरिकन हायस्कुलातला स्पॅनिशचा पहिला तास

१९५४ साली टेक्सासच्या पश्चिमेकडील मार्फा या लहानशा गावात एका शाळेने दफनविधी केला. शाळेचे नाव ब्लॅकवेल. तेथे मेक्सिकन वंशाची मुले शिकत. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी होती. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या आणि यापुढे आपण शाळेत स्पॅनिश बोलणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या, पेटीला शवपेटीचा मान दिला आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ती पुरली. मयताचे नाव होते ‘मिस्टर स्पॅनिश’.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या असंख्य हायस्कुलांत चौदा-पंधरा वर्षांची इंग्रजीभाषक मुले एका नव्या विषयाची वही उघडत होती. फळ्यावर ‘ब्वेनोस दीआस’ लिहिले जात होते. शिक्षक मुलांचे उच्चार कौतुकाने सुधारत होते. जो शब्द मार्फात पुरला गेला, तोच शब्द इतरत्र पाठ केल्याबद्दल गुण मिळत होते.

एकाच देशाला ही दोन्ही कृत्ये एकाच वेळी कशी जमली, हा या थ्रेडचा विषय आहे. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

प्रारंभ थोडा वरच्या वर्तुळातून करू. अमेरिकेच्या संस्थापक पिढीत स्पॅनिशचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणजे टॉमस जेफरसन. १७८७ साली पॅरिसहून आपला भाचा पीटर कार याला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पॅनिश मन लावून शिकण्याचा सल्ला दिला. कारणे दोन. स्पेनशी आणि स्पॅनिश अमेरिकेशी पुढे आपला संबंध वाढत जाणार, हे एक. आणि अमेरिका खंडाचा जुना इतिहास मुख्यतः स्पॅनिशमध्येच लिहिलेला आहे, हे दुसरे. दुसरे कारण आज वाचताना अधिक महत्त्वाचे वाटते, कारण पुढच्या दीडशे वर्षांत शाळा नेमकी तीच गोष्ट विसरल्या.

स्वतः जेफरसन ही भाषा कसा शिकला, याची एक गमतीदार नोंद आहे. १७८४ साली युरोपला जाताना जहाजावर ‘दोन किखोते’ आणि एक व्याकरण सोबत घेऊन आपण एकोणीस दिवसांत स्पॅनिश शिकलो, असे त्याने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला सांगितले. अ‍ॅडम्सने ते दैनंदिनीत टिपले आणि जेफरसनला मोठमोठ्या गोष्टी सांगायची सवय आहे, असा शेराही मारून ठेवला. ‘तीस दिवसांत भाषा शिका’ या जाहिरातींचा वंश किती जुना आहे, ते यावरून ध्यानात यावे.

एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश ही विद्वानांची भाषा राहिली. हार्वर्डमध्ये १८१९ साली जॉर्ज टिकनर फ्रेंच व स्पॅनिश साहित्याचा प्राध्यापक झाला. १८४९ मध्ये त्याचा स्पॅनिश साहित्याचा मोठा इतिहास प्रसिद्ध झाला. त्याच्या गादीवर पुढे कवी लाँगफेलो बसला. हायस्कुलातल्या सामान्य मुलाला मात्र या भाषेचा गंधही नव्हता. तो लॅटिन घोकत होता, आणि लॅटिन नसेल तर जर्मन.

येथे काही आकडे पाहिलेच पाहिजेत. १९१० साली अमेरिकेच्या सरकारी हायस्कुलांतील दर शंभर विद्यार्थ्यांपैकी ४९ लॅटिन शिकत होते, जवळजवळ २४ जर्मन आणि सुमारे १० फ्रेंच. स्पॅनिश शिकणारा शंभरांत एकही पुरता भरत नव्हता. १९१५ साली जर्मनचा आकडा २४ च्या थोडा वर गेला आणि स्पॅनिश तीनच्या आतच राहिली. त्यानंतरची मोजणी १९२२ ची. जर्मन एकाच्याही खाली घसरली होती आणि स्पॅनिश अकराच्या वर गेली होती.

सात वर्षांत एक भाषा जवळजवळ नाहीशी होते आणि दुसरी चौपट होते, याचे कारण अध्यापनशास्त्रात शोधून सापडत नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन ही शत्रूची भाषा ठरली. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाचेसुद्धा ‘लिबर्टी कॅबेज’ असे नवे बारसे झाले. मग पाठ्यपुस्तकांची काय कथा! राज्यामागून राज्याने शाळेतल्या जर्मनवर बंदी घातली. नेब्रास्काने १९१९ साली कायदाच केला की आठवी पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. मे १९२० मध्ये रॉबर्ट मायर नावाचा शिक्षक हॅम्प्टन गावच्या चर्चच्या शाळेत एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवत असताना पकडला गेला. दंड झाला २५ डॉलर. त्याने तो मान्य केला नाही. खटला वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि १९२३ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मायरच्या बाजूने लागला. भाषा शिकवणे हा गुन्हा होऊ शकत नाही, आणि मुलाने काय शिकावे हे ठरवण्यात आईवडिलांनाही अधिकार आहे, असा त्याचा आशय. निकाल चांगलाच होता. जर्मनच्या दृष्टीने तो फार उशिरा आला.

रिकाम्या झालेल्या जागेवर स्पॅनिश येऊन बसली. ऑगस्ट १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला होता आणि युद्धामुळे युरोपशी चालणारा व्यापार विस्कळीत झाला होता, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठेकडे सर्वांच्या नजरा वळल्या. डिसेंबर १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लॉरेन्स विल्किन्स. न्यूयॉर्क शहरातल्या हायस्कुलांमधील आधुनिक भाषांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. संघटनेच्या ‘हिस्पानिया’ या नियतकालिकात त्यांनी १९१८ साली एक लेख लिहिला. बौद्धिक शिस्त आणि संस्कार या दोन्ही बाबतींत स्पॅनिश ही जर्मनची जागा घेऊ शकते, हा त्याचा विषय. कालपर्यंत जर्मन शिकवणारे कित्येक शिक्षक आज स्पॅनिशच्या वर्गावर उभे राहू लागले. विद्यार्थ्यांच्या एखादाच धडा पुढे असलेला शिक्षक ही काही केवळ आपल्याकडची परंपरा नव्हे.

या घाईतून स्पॅनिशच्या कपाळी दोन शिक्के बसले. एक म्हणजे ‘सोपी भाषा’. दुसरा, ‘व्यापाराची भाषा’. संस्कृतीसाठी फ्रेंच शिकावी आणि माल विकण्यासाठी स्पॅनिश, असा समज रुजला. तो खोडून काढण्यासाठी स्पॅनिशच्या शिक्षकांना सतत सिद्ध करावे लागे की आमच्याही भाषेला मोठे साहित्य आहे, आमच्याकडेही सेर्वान्तेस आहे. परिणाम असा झाला की त्यांची नजर माद्रिदकडे लागली. धन्यवादाला ‘ग्राथिआस’ म्हणावे की ‘ग्रासिआस’, हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. पहिला उच्चार स्पेनच्या बहुतेक भागाचा, दुसरा साऱ्या लॅटिन अमेरिकेचा. ज्या देशाची दोन हजार मैलांची सीमा मेक्सिकोला लागून आहे, त्या देशाच्या वर्गात प्रतिष्ठा मात्र समुद्रापलीकडच्या उच्चाराला मिळत राहिली. शेजाऱ्याची भाषा शिकायची, पण शेजाऱ्याकडून नव्हे, असा हा प्रकार होता.

आता खरा मुद्दा. स्पॅनिश अमेरिकेत परकी होतीच कुठे?

फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन हे ठाणे स्पॅनिशांनी १५६५ साली वसवले. इंग्रजांचे जेम्सटाउन १६०७ चे. न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फे १६१० च्या सुमाराची. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेला मिळाला. त्यासोबत तेथली स्पॅनिश बोलणारी माणसेही आली. ती सीमा ओलांडून आलेली नव्हती. सीमाच त्यांना ओलांडून गेली होती. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या राज्यघटनेत सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याची तरतूद होती. १८७९ च्या नव्या घटनेने ती काढून टाकली. न्यू मेक्सिकोने १९१२ साली राज्याचा दर्जा मिळवताना घटनेतच लिहून ठेवले की शिक्षकांना स्पॅनिशचेही प्रशिक्षण द्यावे, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिकवता येईल. कागदावर इतके शहाणपण क्वचितच सापडते. आणि कागदावरचे शहाणपण वर्गात क्वचितच उतरते.

‘हिस्पानिया’चे पहिले संपादक औरेलिओ एस्पिनोसा याच मुलुखातले. जन्म कोलोरॅडोमधला, घराणे न्यू मेक्सिकोचे. स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापकी करताना त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश बोलीचा आणि लोककथांचा कसून अभ्यास केला. म्हणजे ज्या नियतकालिकातून अमेरिका ‘परकीय’ भाषा शिकवण्याची विद्या शिकत होती, त्याच्या संपादकाची ती घरची भाषा होती.

टेक्सासने मात्र या दुटप्पीपणाला कायद्याचेच रूप दिले. १९१८ साली तेथे नियम झाला की सरकारी शाळेत अध्यापन इंग्रजीतच झाले पाहिजे. शिक्षकाने तो मोडला तर तो गुन्हा. त्याला अपवाद कोणता, तर हायस्कुलात दुसरी भाषा विषय म्हणून शिकवायला हरकत नाही. क्षणभर थांबून याचा अर्थ नीट पाहा. सहा वर्षांच्या मुलाला न समजलेली बेरीज त्याच्या आईच्या भाषेत समजावली, तर शिक्षक गुन्हेगार. तीच भाषा पंधरा वर्षांच्या मुलाला क्रियापदांच्या तक्त्यांतून शिकवली, तर शिक्षक विद्वान.

कायदा शिक्षकांसाठी होता. शिक्षा मुलांना मिळे. मैदानावर, जेवणाच्या सुटीत, रांगेत स्पॅनिशचा शब्द निघाला की कुठे दंड, कुठे शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे, कुठे छडी. नागरी हक्क आयोगाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या ‘नो स्पॅनिश’ नियमांची तपशीलवार नोंद आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल ज्यांनी कधी दंड भरला असेल, त्यांना यातले बरेच काही समजावून सांगण्याची गरज नाही.

इकडे हायस्कुलातला ‘स्पॅनिश पहिले वर्ष’ हा विषय आपल्या चालीने चालला होता. बहुतेक विद्यार्थी दोनच वर्षे भाषा शिकतात, तेवढ्यात बोलणे काही येणार नाही, तेव्हा वाचनापुरते ध्येय ठेवावे, असा निष्कर्ष १९२९ च्या कोलमन अहवालाने काढला. झाले. बोलणे जवळजवळ संपले; व्याकरण आणि भाषांतर उरले. ज्या गावांत रस्त्यावर स्पॅनिश ऐकू येत होती, तेथेही वर्गात ती मृत भाषेसारखी शिकवली जाऊ लागली.

हे चित्र बदलले ते दोन धक्क्यांनी. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला परकी भाषा खरोखर बोलणारी माणसे तातडीने हवी होती; तेव्हा सैनिकांना संवाद पाठ करायला लावण्याची, ऐका-म्हणा-पुन्हा म्हणा अशी कवायती पद्धत आली. दुसरा धक्का ऑक्टोबर १९५७ चा. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळा एकाएकी मागासलेल्या वाटू लागल्या. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान आणि गणिताच्या जोडीला आधुनिक भाषांसाठीही पैसा ओतला. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ आहे. जर्मन युद्धामुळे गेली होती. आता भाषांना पैसाही युद्धाच्याच धास्तीने मिळत होता.

त्या पैशातून शाळाशाळांत ‘लँग्वेज लॅब’ उभ्या राहिल्या. लाकडी कप्पे, कानाला हेडफोन, समोर टेपरेकॉर्डर. फितीवरचा आवाज एक वाक्य म्हणे, मुलगा तेच म्हणे, मग एक शब्द बदलून पुन्हा, मग पुन्हा. भाषा म्हणजे सवय आणि सवय घोकंपट्टीने लागते, हा त्यामागचा सिद्धांत. १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या ग्रंथावर लिहिलेल्या प्रसिद्ध परीक्षणाने या सिद्धांताचा पायाच उखडला, तरी लॅब पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या. त्या पिढीतल्या अनेकांना पाठ केलेला पहिला संवाद आयुष्यभर आठवत राहिला आणि त्यापुढचे वाक्य कधीच बोलता आले नाही.

मग आले १९६८. मार्च महिन्यात पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतून मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी हजारोंच्या संख्येने वर्ग सोडून बाहेर पडले. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यासाठी त्यांना अटक झाली. मोडकळीला आलेल्या इमारती, हलक्या कामांकडे ढकलणारा अभ्यासक्रम, आपल्या इतिहासाचा पुस्तकात मागमूस नसणे, अशा तक्रारी होत्या. मागण्यांत द्विभाषिक शिक्षण होते. नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या एडकाउच-एल्सा येथील विद्यार्थीही बाहेर पडले. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलू द्यावी, एवढी साधी मागणी त्यांना करावी लागली. त्याच वर्षाच्या आरंभी टेक्सासचेच सिनेटर राल्फ यारबरो यांच्या पुढाकाराने द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला होता. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, टेक्सासने आपला जुना इंग्रजी-सक्तीचा कायदा मागे घेतला.

ब्लॅकवेल शाळा त्याआधीच, १९६५ साली, बंद पडली होती. २००७ साली तिचे माजी विद्यार्थी पुन्हा जमले आणि त्यांनी ‘मिस्टर स्पॅनिश’ला समारंभपूर्वक उकरून काढले; या वेळी जमिनीतून वर आला तो एक स्पॅनिश शब्दकोश. २०२२ साली त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देणारा कायदा झाला.

आता त्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात डोकावू, कारण मराठी वाचकाला तेथे एक वेगळीच मौज सापडते. इंग्रजीभाषक मुलाची पहिली अडचण म्हणजे ‘तू’ आणि ‘उस्तेद’. एकाच माणसाला दोन प्रकारे संबोधायचे, हे त्याच्या पचनी पडत नाही. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण असे तिघे आहेत. त्यात स्पॅनिशचा ‘तू’ तर उच्चारानेही ओळखीचा. पुढे लिंग. टेबल स्त्रीलिंगी का, या प्रश्नावर तो मुलगा अडतो; आपण तीन लिंगे सांभाळत लहानाचे मोठे होतो. सर्वांत मोठी ठेच लागते ती ‘मे गुस्ता’ला. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करतात. स्पॅनिशमध्ये कर्ता आहे आवडलेली वस्तू. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे मला पुस्तक आवडते. पुस्तके अनेक असली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तके आवडतात. अमेरिकेतले शिक्षक ज्यावर कित्येक तास खर्च करतात, ती रचना मराठी मुलगा दूध पितानाच शिकलेला असतो. आणि ‘पागार’ म्हणजे पैसे देणे हे कळल्यावर आपल्या पगाराची आठवण होतेच. तो आपल्याकडे पोर्तुगीजांच्या हातून आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी.

व्याकरण असे सोपे वा अवघड असेल, पण ‘संस्कृती’ हे त्या पुस्तकातले सर्वांत दुबळे प्रकरण राहिले, असे माझे मत आहे. दर धड्याच्या शेवटी एक रंगीत चौकट. त्यात फ्लामेंको, बैलांची झुंज, पिन्याता, ‘दिआ दे लोस म्वेर्तोस’ची साखरेची कवटी. वीसेक देशांची संस्कृती म्हणजे सण आणि खाद्यपदार्थ. त्या चौकटीत ग्वादालूपे इदाल्गोचा तह येत नाही, मार्फा येत नाही, आणि वर्गातच शेवटच्या बाकावर बसलेली मुलगीही येत नाही.

त्या मुलीविषयी थोडे सांगतो. ती घरी स्पॅनिश बोलते, आजीला औषधाच्या बाटलीवरची सूचना समजावून सांगते, पण तिला त्या भाषेत लिहायला कोणी शिकवलेले नाही. वेळापत्रकाच्या सोयीने ती ‘स्पॅनिश पहिले वर्ष’मध्ये येऊन पडते. ट्रकला ती ‘त्रोका’ म्हणते, कारण तिच्या गावात सगळे तेच म्हणतात. पुस्तकात ‘कामिओन’ आहे, म्हणून उत्तरावर लाल रेघ येते. शेजारचा मुलगा तक्ता पाठ करून तिच्यापेक्षा जास्त गुण मिळवतो. अशा विद्यार्थ्यांची गरज निराळी आहे, त्यांना परक्यासारखी भाषा शिकवणे चूक आहे, हे ग्वादालूपे वाल्देस यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चिकाटीने मांडले. त्यातून ‘वारसाभाषक’ विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम उभे राहिले. सर्वत्र नव्हे, जेथे शिक्षक आणि संख्या दोन्ही होते, तेथे.

दरम्यान स्पॅनिश शिकणारे वाढतच गेले. १९४८ पर्यंतच तिने हायस्कुलांत फ्रेंचला मागे टाकले होते. २०१४-१५ च्या पाहणीनुसार अमेरिकेच्या शाळांत परकी भाषा शिकणारे सुमारे १ कोटी ६ लाख विद्यार्थी होते आणि त्यांतले ७३ लाखांहून अधिक स्पॅनिशचे. म्हणजे दहांतले सात.

परंतु लोकप्रियता आणि मान या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही. कॅलिफोर्नियाचेच पाहा. १९९८ साली तेथील मतदारांनी ‘प्रस्ताव २२७’ मंजूर करून शाळांतील द्विभाषिक शिक्षणाला जवळजवळ कुलूप लावले. त्याच राज्याने २०११ साली कायदा करून द्विभाषिक साक्षरतेची मुद्रा सुरू केली, जी हायस्कुलाच्या प्रमाणपत्रावर उमटते. इंग्रजीसह आणखी एका भाषेतले प्रावीण्य सिद्ध केले की ती मिळते, मग ती भाषा शाळेत शिकलेली असो वा आजीकडून. २०१६ मध्ये ‘प्रस्ताव ५८’ने ते कुलूपही काढले. अशी मुद्रा देणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य. त्यानंतर बहुतेक सर्व राज्यांनी तिचा स्वीकार केला आहे, आणि त्यांत टेक्सासही आहे.